मॅरिकचे कप्तान

१

विनाशिकेचा कप्तान समुद्रावर झोपत नाही, नुसता आडवा होतो. ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या उंच जागेच्या, बरोबर खाली त्याच्यासाठी एक खोली असते. खोली म्हणायचं ते मान राखायला, एरवी ती कपाटाची थोरली बहीण. उशाशी एक पितळी नळी असते आणि तिचं दुसरं तोंड वर ब्रिजवर उघडतं. ज्याचा पहारा असेल त्याने वाकून हाक मारायची, "कप्तान सर!" खालून आवाज येतो, "बोला." मग वारा फिरला, कोणतं जहाज मागे पडलं, दिशा कधी बदलायची, जे असेल ते सांगायचं. खालून "ठीक आहे" आलं की पुढची जबाबदारी त्यांची. सांगून केलंत तर जहाज खडकावर गेलं तरी तुमच्या केसाला धक्का लागत नाही. न सांगता केलंत तर सगळं सुखरूप पार पडूनही तुमची धडगत नाही.

हे कप्तान झोपेतही उत्तर देतात आणि उठल्यावर त्यांना त्यातलं काही आठवत नाही. नौदलात याचे ढीगभर किस्से आहेत. पाणबुडी दिसली म्हणून सांगायला गेलं तर एकाने म्हणे झोपेतच दोन अंडी मागवली होती, कमी उकडलेली. लोक हसतात आणि पुन्हा नळीत तोंड घालतात.

बेचाळीस सालच्या हिवाळ्यात स्कॉटलंडच्या ग्रीनॉक बंदरात मॅरिक या विनाशिकेवर दोन नवी माणसं एकाच दिवशी चढली. एक नवा कप्तान, लेफ्टनंट कमांडर एड्रियन व्हेनेबल्स. दुसरा त्याच्या हाताखालचा पहिला अधिकारी, लेफ्टनंट नॉर्मन हेस्केथ. अशा अधिकाऱ्याला कप्तान नावाने हाक मारत नाही, "नंबर वन" म्हणतो. व्हेनेबल्स चाळिशीतला, ढगळ, शाळामास्तरासारखा खांदे पाडून चालणारा माणूस. हेस्केथला तो पहिल्या दिवसापासून आवडला, आणि हेस्केथला सहसा कोणी आवडत नसे.

निघायच्या आधी व्हेनेबल्सने सगळ्यांना डेकवर उभं केलं. "मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "एकच सांगतो. पाण्यात जिवंत माणूस दिसला तर हे जहाज त्याला सोडून जाणार नाही. आपला असो, परका असो, जर्मन असो. बस."

एरवी असल्या बोलण्यावर खलाशी निदान पाय तरी आपटतात. इथे कोणी हूं की चूं केलं नाही. थंडी फार आहे, हेस्केथने स्वतःची समजूत घातली.

मालवाहू जहाजांच्या ताफ्याची राखण करत निघून तीनेक दिवस झाले असतील. सकाळी उजाडल्यावर हेस्केथला उजव्या बाजूला दूर तेलाचा तवंग दिसला आणि त्यात एक तराफा. वर काहीतरी काळं होतं. माणसं की ताडपत्री, ते कळेना. तो नळीवर वाकला.

"कप्तान सर!"

"बोला."

त्याने सांगितलं. बघून येऊ का, म्हणून विचारलं.

जरा खाकरल्याचा आवाज आला. "ठीक आहे. जसे चाललोय तसेच."

हेस्केथ चमकला. पण हुकूम तो हुकूम. तराफा मागे पडला, धुक्यात गेला. अर्ध्या तासाने व्हेनेबल्स वर आला. एका गालाला अजून साबण होता. हेस्केथने सहज विषय काढला तसा त्याचा चेहरा उतरला.

"मी म्हणालो असं?"

"हो, सर. स्पष्ट."

"फिरव. आत्ताच्या आत्ता फिरव."

तराफा सापडायला दुपार झाली. त्यावर दोन माणसं होती, दोन्ही मेलेली. पण त्यातल्या एकाच्या काखेत हात घालून डॉक्टरांनी मान वर केली, आणि व्हेनेबल्सची नजर चुकवत ते म्हणाले, "अंग अजून गरम आहे."

"झोपेत मी जनावर असतो वाटतं," व्हेनेबल्स म्हणाला. ते हसण्यावारी न्यायचं होतं त्याला, पण जमलं नाही. "यापुढे माणसांचा प्रश्न असला की नळी नको, नंबर वन. खाली यायचं आणि मला गदागदा हलवायचं. बूट मारलास तरी चालेल."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्याजोगं फारसं नव्हतं. वारा थोडा फिरला होता. हेस्केथ सवयीने वाकला, हाक मारली, "बोला" आलं. त्याने वाऱ्याचं सांगितलं.

"ठीक आहे," नळी म्हणाली.

त्याच क्षणी त्याच्या खांद्यावर हात पडला. मागे व्हेनेबल्स उभा होता, दुसऱ्या हातात कोकोचा मग.

दोघांनीही ऐकलं होतं. एकमेकांकडे बघताना दोघांचंही डोकं भराभर कारणं शोधत होतं. खाली कोणी झाडलोट करायला गेलं असेल. दुसऱ्या एखाद्या नळीचा आवाज यात मिसळला असेल, जहाजात नळ्या काय थोड्या असतात? कोणा टवाळाला चेष्टा सुचली असेल.

"चल, कान उपटू त्याचे," व्हेनेबल्स म्हणाला.

खोलीत कोणी नव्हतं. अंथरुणाची घडी जशीच्या तशी. खिळ्यावरचा चामडी कोट जहाजाबरोबर डावीउजवीकडे झुलत होता आणि दर खेपेला त्याची बटणं भिंतीला लागून टकटक करत होती. ओल्या लोकरीचा वास. दोन माणसं उभी राहिल्यावर तिसऱ्याला उभं राहायलाही जागा नाही, लपायची तर बातच सोडा.

व्हेनेबल्सने नळीत तोंड घातलं. "ब्रिज! पास्को, मी सांगितल्यावर मला नेहमीसारखी हाक मार. काहीही सांग." पास्को म्हणजे निशाणांनी आणि दिव्यांनी निरोप देणारा मुख्य खलाशी, मॅरिकवर पहिल्यापासून असलेला, कॉर्नवॉलकडचा किडकिडीत माणूस. मग व्हेनेबल्सने ओठांवर बोट ठेवून हेस्केथला गप्प राहायची खूण केली. "मार हाक."

"कप्तान सर!" पास्कोचा आवाज खणखणीत आला.

खोलीत दोघंही चिडीचूप. बटणं टकटक वाजत होती.

"वारा वायव्येकडे सरकलाय, सर," पास्को वरून म्हणाला. म्हणजे त्याला "बोला" ऐकू आलं होतं. इथे तर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

थोडा वेळ काही नाही. मग, "हो, सर."

पुन्हा काही नाही.

"नाही, सर. दोघंही खाली आहेत."

या वेळी बराच वेळ गेला. पास्को कोणाचं तरी लांबलचक बोलणं मन लावून ऐकत असावा.

"छे छे, सर. मी नाही सांगितलं त्यांना."

व्हेनेबल्सच्या हातातला कोको सांडून त्याच्या बुटावर गेला. त्याचं त्याला भान नव्हतं. हेस्केथने नळीला कान लावला. नुसती गार हवा येत होती.

वर गेल्यावर पास्को दुर्बिणीतून क्षितिज न्याहाळत होता. कोणाशी बोलत होतास, असं व्हेनेबल्सने दरडावून विचारलं तेव्हा त्याने दुर्बीण खाली घेतली आणि अगदी आज्ञाधारक तोंड केलं.

"कप्तानांशीच बोललो की, सर."

३

टेबट हा कप्तानांचा नोकर. जेवण, कपडे, अंथरूण सगळं तोच बघे. दुपारी हेस्केथने त्याला गाठलं तेव्हा तो डब्यातल्या बीफच्या चकत्या कापत होता, पातळ, मन लावून.

"आधीचे कप्तान कोण होते रे, टेबट?"

"रूकसाहेब, सर. दोन फेऱ्या. बिचारे फार चांगले. शेवटी कानात मेण घालून बसायचे. हात धरून उतरवावं लागलं."

"आणि त्यांच्या आधी?"

टेबटची सुरी थांबली नाही. "ड्युअरसाहेब. दोन हिवाळे. तो म्हातारा म्हणजे म्हातारा, सर! असा कप्तान होणे नाही. ताफ्यातली जहाजं पटापट बुडायची, आमच्या रंगाचा टवका उडाला नाही. का? कारण म्हातारा कधी थांबला नाही. पाण्यात कोणीही ओरडू दे, आई आली असती तरी थांबला नसता. थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं ताट. खरं ना?"

"गेले कसे ते?"

"छातीत कफ झाला. त्याच खोलीत पडून होते. कोणाला आत येऊ देत नव्हते, पण नळीवर एकदम हजर. 'बोला. ठीक आहे. जसे चाललोय तसेच.' त्या फेरीत निम्मा ताफा गेला, सर, आणि आम्ही त्यांच्या हुकुमाने वाकडेतिकडे वळत सहीसलामत बंदरात. मग बंदरातले डॉक्टर वर आले, खोलीत गेले." टेबटने चकत्या नीट एकावर एक रचल्या. "नाक दाबून बाहेर आले. म्हणाले, यांना जाऊन बरेच दिवस झालेत."

हेस्केथने विचारलं, "मग तुम्ही लोकांनी कोणाचं ऐकलंत?"

"कप्तानांचं, सर."

"आणि ती दोन माणसं? त्या तराफ्यावरची? त्यांना नव्हतं घरी जायचं?"

"असेल की. कोणाला नसतं?" टेबटने पहिल्यांदाच मान वर केली. त्याच्या डोळ्यांत द्वेष असता तर हेस्केथला परवडला असता. त्यात नुसती काळजी होती, स्वतःच्या बायकापोरांची. "पण ते आमच्या जहाजावर नव्हते ना, सर."

४

व्हेनेबल्सने सरळ उपाय केला. एक जाड लोकरी मोजा घेतला, नळीच्या ब्रिजवरच्या तोंडात ठासला आणि आपलं अंथरूण उचलून जहाजाच्या मागच्या टोकाला असलेल्या मोठ्या खोलीत गेला. बंदरात कप्तान तिथेच राहतात. समुद्रावर कोणी राहत नाही, कारण तिथून ब्रिजवर यायचं तर मधला उघडा डेक ओलांडावा लागतो आणि वादळात त्यावरून लाटा खुशाल जातात येतात.

"धोक्याचं आहे, सर," हेस्केथ म्हणाला.

"पाण्याचा धोका मला कळतो," व्हेनेबल्स म्हणाला. "काही लागलं की माणूस पाठव. मी धावत येईन."

खलाशांत कुजबुज सुरू झाली. नवा कप्तान पळाला मागे. नळी बंद, आता आपलं काही खरं नाही. कोणी उघड काही बोललं नाही. पण व्हेनेबल्स डेकवरून जाई तेव्हा लोक त्याला वाट देत, ती जरा जास्तच रुंद देत.

वादळ आलं. ताफ्यातलं एक मालवाहू जहाज कलंडू लागल्याची दिव्याची खूण सकाळी दिसली, तसा हेस्केथने माणूस पाठवून कप्तानाला बोलावलं. ब्रिजवरून मागे वळून तो बघत होता. व्हेनेबल्स दारातून बाहेर आला, आडव्या बांधलेल्या दोराला धरून निघाला. अर्ध्यावर आल्यावर त्याने वर बघितलं आणि हेस्केथला हात केला. मग डाव्या बाजूने पाणी चढलं. ते उतरलं तेव्हा दोर होता, हिसके खात होता. त्याला धरलेलं कोणी नव्हतं.

"माणूस पाण्यात!" कोणीतरी ओरडलं.

तो दिसला. जहाजाच्या मागे, लाटेच्या पाठीवर, छातीला तरंगायचं जॅकेट, एक हात वर. जिवंत होता. इकडेच बघत होता.

त्या समुद्रात जहाज वळवणं धोक्याचं होतं. अशक्य नव्हतं. हे हेस्केथला तेव्हाही ठाऊक होतं आणि नंतरही तो स्वतःशी कधी खोटं बोलला नाही. पण इतक्या वर्षांची सवय अंगात मुरलेली. काही मोठं घडलं की आधी वाकायचं आणि सांगायचं. तो वाकला. नळीतला मोजा कोणीतरी काढून खाली टाकला होता, ते त्याला दिसलं आणि तरीही तो बोलून गेला.

"कप्तान सर! कप्तान पाण्यात पडलेत!"

काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

"बोला," नळी म्हणाली. खाकरणं नव्हतं. हा आवाज ड्युअरचा नव्हताच. मऊ, जरासा दमलेला, शाळामास्तरी. व्हेनेबल्सचा. "ठीक आहे, नंबर वन. जसे चाललोय तसेच."

हेस्केथने मागे बघितलं. हात अजून वर होता.

"कप्तानांचा हुकूम आहे, सर," पास्को शेजारून हळूच म्हणाला. ब्रिजवर सगळे त्याच्याकडे बघत होते. त्या नजरांत विनवणी होती, आणि विनवणीच्या मागे धमकी.

हेस्केथने तोंड उघडलं. वळवा, एवढंच म्हणायचं होतं.

"जसे चाललोय तसेच," तो म्हणाला.

हात बराच वेळ दिसत राहिला.

५

ग्रीनॉकला चौकशी झाली. जहाज वळवणं शक्य नव्हतं, असं एकूण एक माणसाने शपथेवर सांगितलं. चौकशीच्या अधिकाऱ्यांनी हेस्केथची पाठ थोपटली आणि मॅरिक त्याच्याच ताब्यात दिली. ज्यासाठी माणूस नौदलात जन्म काढतो ते त्याला तिशी उलटायच्या आत मिळालं.

व्हेनेबल्सची बायको आयरीन बंदरावरच्या हॉटेलात भेटायला आली. टोपी नीट, हातमोजे नीट. चहा दोघांनीही घेतला नाही.

"शेवटी काही म्हणाला का तो?"

हेस्केथला वाटलं, हिला काहीतरी द्यावं. "वळू नका म्हणाले. जहाज धोक्यात घालू नका म्हणाले. फार मोठा माणूस."

मग तिने मान हलवली, अगदी सावकाश.

"हे एड्रियन नाही म्हणायचा," ती म्हणाली. "तो फार घाबरट होता हो. 'लवकर या' म्हणाला असता." तिने पर्स उघडली, बंद केली. "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही कप्तान झालात ना आता? मग एक करा. कोणी दिसलं तर थांबा. तुमच्या हातून तेवढं झालं तर मी म्हणेन की त्याच्या जाण्याचं सार्थक झालं."

"थांबेन," हेस्केथ म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं. तेवढं एक केलं तर आपल्याला पुन्हा आरशात बघता येईल, अशी त्याची खात्री होती.

६

पुढच्या फेरीत हेस्केथ खोलीत गेलाच नाही. मागच्याही नाही आणि ब्रिजखालच्याही नाही. ब्रिजवरच एक उंच खुर्ची ठोकून घेतली, तिथेच बसायचा, तिथेच पेंगायचा. नळीला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. लोक "हो, सर" म्हणाले. टेबट त्याला वेळच्या वेळी सूप आणून देई, आणि एक मग ब्रिजखालच्या खोलीतही नेऊन ठेवी. हेस्केथने ते एकदा पाहिलं. रिकामा मग परत नेतानाही पाहिलं. विचारायचं धाडस झालं नाही.

आइसलंडच्या दक्षिणेला एका सकाळी वारा पडला आणि समुद्र तेलासारखा सपाट झाला. डाव्या बाजूला एक होडी दिसली. दुर्बिणीची गरजच नव्हती. माणसं बसलेली होती, दोघंतिघं उभी राहून लाल घोंगडं हलवत होती. त्यात एक बाई होती. तिच्या मांडीवर काहीतरी गुंडाळलेलं होतं.

हेस्केथ खुर्चीतून उतरला. कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"वेग अर्धा करा. डावीकडे वळा."

जहाजावर सुकाणूचा हुकूम झाला की पहाऱ्यावरचा अधिकारी तो मोठ्याने परत उच्चारतो, म्हणजे तो ऐकला गेला असं धरायचं. पहाऱ्यावर कीट नावाचा लेफ्टनंट होता. त्याने हुकूम उच्चारला नाही. तो पास्कोकडे बघत होता.

"कीट! बहिरा झालास का? डावीकडे!"

पास्को नळीवर वाकला.

"कप्तान सर!"

"बोला." ब्रिजवर सगळ्यांना ऐकू आलं.

"डावीकडे होडी आहे, सर. माणसं जिवंत आहेत. हेस्केथसाहेब थांबा म्हणतायत." त्याने थोडं ऐकलं, मग बाजूला झाला, अदबीने. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतायत, सर."

हेस्केथला तिथून सुकाणूपर्यंत धावत जाता आलं असतं. सुकाणूवाल्याला ढकलून चाक स्वतः फिरवता आलं असतं. लोक आडवे आले असते तर भांडता आलं असतं. हे सगळं त्याच्या मनात आलं. पण पाय नळीकडे वळले, आणि तो वाकला.

नळीतून ऊबदार हवा आली, मिठाच्या वासाची. आत खोल पाणी डुचमळत होतं. ब्रिजखालच्या कोरड्या खोलीत जाणाऱ्या नळीत पाणी कुठून येणार? तो आणखी वाकला. आत पितळेवर, अगदी जवळ, इंचभर अंतरावर, ओलसर चार बोटांची टोकं दिसली. पांढरी, सुजलेली. वर येण्यासाठी काठ धरून थांबलेली.

"नंबर वन," व्हेनेबल्स म्हणाला. रागावून नाही. वर्गात चुकलेल्या मुलाला म्हणतात तसं. "माझ्यासाठी वळला नाहीस."

हेस्केथला रडू फुटलं. "नाही, सर."

"मग यांच्यासाठी कशाला?"

याला उत्तर होतं. कोणालाही सुचेल इतकं सोपं होतं. होडी इतकी जवळ आली होती की तिच्यावरच्या हाका ऐकू येत होत्या. इंग्रजीच होत्या. आणि हेस्केथ उत्तर शोधत राहिला.

"जसे चाललोय तसेच," नळी म्हणाली. "ठीक आहे?"

"हो, सर," हेस्केथ म्हणाला.

"जसे चाललोय तसेच!" कीटने रीतीप्रमाणे मोठ्याने उच्चारलं. ब्रिजवर लोकांनी श्वास सोडला. पास्कोने नळीचं झाकण हलक्या हाताने लावलं.

होडीतल्या माणसांनी घोंगडं खाली ठेवलं होतं. जहाज आलं म्हणून ती आपापली बोचकी आवरायला लागली होती.